हमाल हो म्हणाला

५ जानेवारी

दादा,

नमस्कार-चमत्कार राहू देत. फोन तू उचलत नाहीस. मेसेज वाचतोस आणि तोंडात मिठाची गुळणी धरून बसतोस. म्हणून हे पत्र. पत्र फाडायचं म्हटलं तरी निदान हात लावावा लागतो.

तुला यमाचा एजंट म्हणाले ते मागे घेत नाही, आधीच सांगून ठेवते. तू इतक्या लांबून आलास, बारक्याच्या उशाशी बसलास, त्याचे पाय चेपलेस, सगळं छान केलंस. आणि निघताना बुटाची नाडी बांधता बांधता मला म्हणालास, "श्वास थांबायची वेळ आली तर गळ्याला नळी लावू देऊ नकोस. एकदा लागली की सुटत नाही. मी रोज बघतो." मान्य, तू तिकडे अतिदक्षता विभागात दिवसभर ती श्वासाची यंत्रंच सांभाळतोस. पण हा कुठल्या खाटेवरचा पेशंट नाही, आपला धाकटा भाऊ आहे. असल्या गोष्टी नाडी बांधताना सांगतात का? आणि तू पोचल्यावर मी जरा आवाज चढवला, तर फोनवर काय म्हणालास, "तुला भाऊ नकोय, खेळगडी हवाय." हे वाक्य मी रोज लॅबमध्ये लोकांच्या कवळ्या घासताना चघळत असते.

बारक्या मजेत आहे. वजन थोडं उतरलंय, पण तो जाडा होता कधी? बोलणं जड झालंय. मला सगळं कळतं, बाकीच्यांना मी सांगते. हात मांडीवर ठेवले की तिथेच राहतात, एवढंच. रात्री श्वासासाठी मास्क लावून झोपतो, सकाळी नाकावर वळ उठलेला असतो आणि मी त्याला बॉक्सर म्हणते. तो हसतो. हसल्यावर खोकला येतो, मग मी गप्प बसते.

आणि हो, आपला खेळ चालू आहे. तू विसरला असशील, सगळं विसरून मोकळा होण्यात तू पटाईत, म्हणून आठवण करून देते. कॉलेजात असताना अभ्यास सोडून तू रचलेलं ते जहाज. ताऱ्यांमधल्या बंदरांवर फिरणारं, मोडक्या माणसांना यंत्रांचे अवयव बसवणारं इस्पितळ-जहाज. एकाने खेळ चालवायचा, बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यायचं, त्याच्या तोंडून बोलायचं, अडलं की फासे टाकायचे. तू गेल्यापासून मी चालवते. जहाजावरची सर्जनबाई मीच. बारक्याचा तोच जुना हमाल आहे, बंदरावर ओझी उचलणारा आणि सगळ्यांचा उद्धार करणारा. शिवाय त्याचा गॅरेजवाला मित्र येतो, आपला मेकॅनिक, आणि व्यायाम करून घ्यायला येणारी फिजिओवाली. ती आधी नुसती बघत बसायची, आता आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त भांडते.

तुझे दोन्ही नियम आम्ही पाळतो. शरीरात एक यंत्र बसवलं की पात्राने आपली एक आठवण द्यायची, आणि ती पुन्हा कुणी टेबलावर काढायची नाही. हमालाला पोलादी हात मिळाले तेव्हा त्याने आपल्या पहिल्या बंदराचं नाव दिलं. पाय बसवले तेव्हा आईचा आवाज दिला. दुसरा नियम कानाचा. टेबलावर जे बोलू ते पात्राचं बोलणं. स्वतःचं काही सांगायचं असेल तर कानाची पाळी धरून सांगायचं. बारक्या साधा चहासुद्धा कान धरून मागायचा, नाहीतर मी तो चहा जहाजावर नेऊन द्यायचे आणि हा इकडे तसाच बसायचा.

आता कान धरणार कसा? त्यावर आम्ही काही वेगळं ठरवलेलं नाही. माझं मला कळतं तो कधी कोण असतो ते. लहानपणापासून ऐकतेय त्याला.

उत्तर दे. पत्राला उत्तर द्यायचं असतं, हाही नियम तुझाच असल्यासारखा पाळ.

मधली


८ फेब्रुवारी

दादा,

तू हरलास. आता सविस्तर ऐक.

मागच्या महिन्यात बारक्याला मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं होतं. त्यांनी मला बाहेर बोलावून सांगितलं की छातीचे स्नायू दमलेत, मास्कवर फार काळ निभणार नाही. पुढे गळ्याला भोक पाडून नळी घालायची आणि कायम यंत्रावर ठेवायचं, की तसं करायचं नाही, हे त्याला आत्ताच विचारून ठेवा, बोलता येतंय तोवर. त्याच्याशी शांतपणे बोला, म्हणाले. शांतपणे. मी त्याच्या खोलीत कितीदा गेले म्हणून सांगू. आत जायचं, उशीचा अभ्रा बदलायचा आणि बाहेर यायचं. आपल्या घरात अभ्रे इतके स्वच्छ कधीच नव्हते.

शेवटी मी खेळात विचारलं.

रविवारी दुपारी चौघं बसलो होतो. मी हमालावर माल पाडला. अख्खी पेटी छातीवर. मेकॅनिकने फासे टाकले, वाईट पडले, म्हणजे छाती गेलीच. मग सर्जनबाई म्हणून मी हमालाला म्हणाले, "ही छाती आता कामाची नाही. यंत्राची बसवते. पण ती जहाजाच्या भिंतीला जोडलेली असेल. उठता येणार नाही, बोलता येणार नाही. श्वास मात्र कधी थांबणार नाही. बसवू?" फिजिओवाली बिस्किट खात होती ती थांबली. मेकॅनिकने आधी माझ्याकडे बघितलं, मग खाली. कुणालाच काही समजावून सांगायची गरज नव्हती. बारक्यालाही नव्हती. तो माझ्याकडे कितीतरी वेळ बघत राहिला.

मग म्हणाला, "बसव."

आठवण कुठली देतोस, विचारलं. हमालाकडे एकच उरली होती, त्याची बहीण, कुठल्याशा बंदरावर मागे राहिलेली. तिचा चेहरा दिला. मला जरा लागलं, खोटं कशाला बोलू. पण तूच बघ, माणसाला जगायची केवढी हौस असेल.

आणि तू म्हणशील की तो हमाल बोलला, बारक्या नाही. म्हणूनच नीट वाच. "बसव" म्हणताना त्याचा उजवा खांदा हलला. वर उचलला गेला, कानाकडे. हात येत नाही म्हणून खांद्याने कान धरायला गेला तो. मी या दोन डोळ्यांनी बघितलं.

जाताना मेकॅनिक जिन्यात म्हणाला, "ताई, मला नाही दिसलं तसं काही."

"तुझं लक्ष फाशांवर होतं," मी म्हणाले.

"असेल. तरी त्याला एकदा साधं विचारा ना. खेळ बाजूला ठेवून."

मी म्हटलं, विचारून झालंय, उत्तर मिळालंय. दहा वेळा विचारून त्याचा जीव कशाला काढायचा? मेकॅनिक भला माणूस आहे, पण गाडीचा आवाज ऐकून रोग सांगतो म्हणून त्याला वाटतं सगळं आपल्यालाच ऐकू येतं.

तर तू बरोबर नव्हतास. त्याला जगायचंय. मला इतकं हलकं वाटतंय की काल लॅबमध्ये मी कुणाच्या तरी वरच्या कवळीला खालचे दात लावले आणि साहेबांची बोलणी हसत हसत खाल्ली.

मधली


२१ फेब्रुवारी

दादा,

नळी लावली.

सकाळी त्याला उठवायला गेले तर ओठ निळे. मेकॅनिकच्या गाडीतून नेलं. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, यंत्रावर ठेवायचं का, पेशंटची इच्छा काय होती, बोललाय का कधी तो यावर? मी म्हणाले, हो, बोललाय. स्पष्ट हो म्हणालाय.

मेकॅनिक माझ्या शेजारीच उभा होता. त्याने तोंड उघडलं आणि मिटलं.

बारक्या आता झोपवलेला आहे. रंग चांगला आलाय. छाती कशी एका लयीत वरखाली होते. मी किती दिवसांनी त्याला असा निवांत श्वास घेताना बघतेय. तू असतास तर तूही कबूल केलं असतंस.

फोन लागत नाहीये तुझा.

मधली


१५ मार्च

दादा,

आम्ही घरी आलो. बाहेरच्या खोलीचं आता इस्पितळ झालंय. सोफा मेकॅनिकने त्याच्या गॅरेजात नेऊन ठेवला. तिथे त्याची पोरं बसून चहा पितात म्हणे, सोफ्याचं नशीब निघालं. त्याच्या जागी खाट, हवेची गादी, श्वासाचं यंत्र, कफ ओढायचं यंत्र, वीज गेली तर म्हणून बॅटरी. कफ कसा ओढायचा ते नर्सने शिकवलं. नळी आत घालताना त्याच्या डोळ्यांतून पाणी येतं, ते दुखतं म्हणून नाही, आपोआप येतं, असं तिने सांगितलं. मी तेच धरून चाललेय. कूस बदलायची, पोटातल्या नळीतून पातळ अन्न घालायचं, तोंड पुसायचं. लॅबमधून मी अर्धा दिवसच करून घेतलाय. साहेब म्हणाले, दात थांबतात, माणूस थांबत नाही. चांगले आहेत ते.

बोलणं अर्थातच बंद. मानही हलत नाही. डोळे तेवढे त्याचे आहेत. फिजिओवालीने एक युक्ती काढली. लॅबमधून मी पारदर्शक अॅक्रिलिकचा तुकडा आणला, त्यावर अक्षरांच्या ओळी लिहिल्या. आपण ओळी वाचायच्या, हवी ती आली की तो डोळे वर करतो. मग ओळीतलं अक्षर, मग काना-मात्रा. डोळे वर म्हणजे हो, मिटले म्हणजे नाही. एका शब्दाला चहा गार होतो, पण शब्द येतो.

आणि काल पहिला शब्द आला. मी वाचतेय, मनात म्हणतेय ताई म्हणेल, किंवा पाणी. तर कुठला शब्द लिहिला असेल त्याने? हमाल.

दादा, त्याला खेळायचंय. एवढं सगळं अंगावर झेलून ह्या माणसाला पहिल्यांदा आठवला तो हमाल. मी हसले, रडले, दोन्ही. फिजिओवाली पुढचं अक्षर विचारत होती, मी म्हटलं, दमलाय तो, पुढच्या रविवारी सगळे बसू तेव्हा बोलेल. तो डोळे मिटत होता सारखा. झोप आली असणार.

खेळगडी हवाय म्हणालास ना मला. बघ आता कोणाला काय हवंय.

मधली


२३ मार्च

दादा,

हे पत्र मी आधी दोनदा लिहिलं. दोन्ही वेळा खोटं लिहिलं गेलं म्हणून टाकून दिलं.

काल दुपारी सगळे बसलो. टेबल खाटेला लावलं, फासे मांडले. मी सर्जनबाईच्या आवाजात म्हणाले, "काय रे हमाला, नवी छाती कशी आहे?" त्याने डोळे मिटले. मी म्हटलं, "आवडली नाही? बदलून देऊ?" पुन्हा मिटले, घट्ट. मेकॅनिक म्हणाला, "ताई, थांबा. त्याला खेळायचं नाहीये." आणि बारक्याने डोळे वर केले. इतके वर की खाली पांढरंच दिसलं.

तक्ता मेकॅनिकने धरला. माझ्याने धरवेना. तो अक्षरं वाचत गेला, फिजिओवाली लिहून घेत गेली, आणि मी आपल्या भावाच्या तोंडाकडे बघत राहिले. असं निघालं.

'बसव' हमाल म्हणाला. मी नाही.

मी म्हणाले, "अरे, तुझा खांदा हलला होता. कान धरायला गेलास तू. मी बघितलं." त्याने डोळे मिटले.

फिजिओवाली माझ्याजवळ आली. हळूच म्हणाली, "ताई, ह्या आजारात स्नायू आपोआप फडफडतात. माझ्या हाताखाली रोज फडफडतो तो खांदा. मी तुम्हाला दाखवला होता एकदा." दाखवला होता. मला आठवतंय. मी तेव्हा म्हणाले होते, बघा, जीव आहे अजून त्यात.

मेकॅनिकच्या आवाजात राग होता. माझ्यावर होता, पण त्याने तो बारक्यावर काढला. "मग हमालाला तरी कशाला लावून घेतलीस ती छाती? मरू द्यायचा होतास."

बारक्याने ह्याचं उत्तर द्यायला फार वेळ घेतला. मधे दोनदा कफ ओढावा लागला.

हमाल मेला की खेळ संपतो. ताईला तेवढंच आहे.

मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि ओट्याला धरून उभी राहिले. दादा, माझी कीव आली म्हणून तो एका खोट्या माणसासाठी हो म्हणाला, आणि ते हो मी उचलून खऱ्या माणसाच्या गळ्यात घातलं. भोक पाडून घातलं. मी त्याला कान धरून का विचारलं नाही? मला तर हात होते. मी माझा कान धरून एकदा म्हणाले असते, बारक्या, हे मी विचारतेय, तुला विचारतेय, तर तो मला नाही म्हणाला असता. म्हणून नाही विचारलं. दुसरं काही कारण नाही.

मधली


११ एप्रिल

दादा,

हे पत्र काम म्हणून वाच. मला काय म्हणायचं ते म्हण, पण काम कर.

त्याला यंत्र काढायचंय. त्या रविवारनंतर रोज एकच शब्द लिहितो. सोड. मी आधी नाही नाही ते बोलले. सवय होईल म्हणाले. नवीन औषध निघेल म्हणाले. खिडकी उघडून, बघ ऊन कसं पडलंय, असंही म्हणाले, माझी मलाच लाज वाटली. तो सगळं ऐकून घेतो आणि मग पुन्हा तेच लिहितो. एकदा मी चिडून म्हटलं, "तुला मला सोडून जायचंय का?" त्याने कितीतरी वेळाने डोळे वर केले. मग लिहिलं, "रागाने नाही."

मोठ्या डॉक्टरांना घरी बोलावलं. ते म्हणाले, हे करता येतं. झोपेचं औषध देऊन, कसलाही त्रास न होता. पण पद्धत आहे. त्याने स्वतः दोन डॉक्टरांसमोर सांगायचं, मग थोडा काळ जाऊ देऊन तेच दुसऱ्यांदा सांगायचं. आणि आई-बाबा नाहीत म्हणून सगळ्या सख्ख्या भावंडांनी आपापल्या तोंडाने डॉक्टरांना सांगायचं की आमची हरकत नाही. लांब असलेल्याने फोनवर सांगितलं तरी चालतं.

त्याचं पहिल्यांदा सांगून झालंय. दोघे डॉक्टर खाटेशी बसले होते. त्याने एकही अक्षर चुकवलं नाही. माझंही झालं. मला विचारलं तेव्हा मी कपाट आवरत होते, पाठमोरीच हो म्हणाले. राहिलास फक्त तू. इस्पितळाचा नंबर कागदाच्या मागे लिहिलाय, वॉर्डच्या नर्सला सांगितलं की ती डॉक्टरांना जोडून देते.

घाई अशासाठी की त्याचे डोळे दमायला लागलेत. डावी पापणी पडते. वर बघायला सांगितलं की जरा थांबून वर जातात, कधी अर्धेच जातात. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. डोळे आहेत तोवर त्याचं मत आम्हाला कळतं. ते गेले की दुसऱ्यांदा विचारता येणार नाही, आणि दुसऱ्यांदा विचारल्याशिवाय आम्ही यंत्राला हात लावणार नाही. तुझं हो आलं की ते लगेच येतील.

तूच म्हणाला होतास लावू नकोस. तू बरोबर होतास. हे घे, लिहून दिलं. आता फोन कर.

मधली


२९ एप्रिल

दादा,

इतक्या महिन्यांनी तुझा मेसेज आला. उघडायच्या आधी मी हात पुसले. "नळी तू लावलीस. ती काढायला आता माझं तोंड वापरू नकोस."

बरोबर आहे. मी लावली. रोज सकाळी तिच्याभोवतीची पट्टी मीच बदलते, मला माहीत आहे कोणी लावली.

पण तुला वाटतंय की मी तुला अर्धं पाप वाटून घ्यायला बोलावतेय. नाही रे. माझं मी सगळं घेते. तू तिथे बसून मला जन्मभर शिव्या घाल, माझं नावही टाकून दे. शिक्षा मला कर. तू ती त्याला करतोयस. तो तिथे पडून छताकडे बघतो, माशी कपाळावर बसली तरी ती उडेपर्यंत वाट बघतो, आणि त्याला वाटतंय की दादाला कळवलंय म्हणजे आता होईल. मी त्याला तुझा मेसेज वाचून दाखवला नाही. मी म्हणाले, दादाला रजा मिळायची आहे. हे खोटं तेवढं अजून माझ्याने बोलवतं.

काल तक्त्यावर एक शब्द लिहायला अख्खी दुपार गेली. दादा. एवढाच. पुढे काय म्हणायचं होतं ते डोळे मिटले गेल्यामुळे राहिलं, आणि ते त्याने मिटले की आपोआप मिटले हे आता मला सांगता येत नाही.

तू रोज बघतोस ना अशी माणसं? मग तुला माहीत आहे. मला लिहायची गरज नाही.

फोन कर. माझ्याशी बोलू नकोस. नर्सशी बोल, दोन मिनिटं लागतील.

मधली


२४ मे

दादा,

परवा तुझा फोन आला म्हणे. नर्सने सांगितलं. तू हो म्हणालास आणि मग फोन ठेवायचंच विसरलास, ती बिचारी बराच वेळ हॅलो हॅलो करत होती. तुला तिकडे किती जड गेलं असेल ते मला कळतं. ह्यापुढे मी तुला कधी टाकून बोलणार नाही.

काल दोघे डॉक्टर आले. मी त्याची दाढी केली होती, स्वच्छ शर्ट घातला होता. मेकॅनिक गॅरेज बंद करून आला. फिजिओवालीही आली, जिन्यातच रडून घेऊन आली होती. डॉक्टरांनी पापण्या बोटांनी उघडून धरल्या आणि विचारलं, तुम्हाला यंत्र काढायचं आहे का? हो असेल तर वर बघा. डोळे समोर होते तिथेच राहिले. पुन्हा विचारलं. मग म्हणाले, नाही असेल तर खाली बघा, उजवीकडे बघा, कुठेही बघा. मी म्हटलं, मला विचारू द्या. मी त्याच्या तोंडाजवळ वाकून विचारलं. मी माझा कान धरून विचारलं, दादा, सगळ्यांसमोर, वेड्यासारखी. मेकॅनिकने विचारलं. आम्ही खोलीतला दिवा कमी करून बघितला, वाढवून बघितला. एकदा फिजिओवाली ओरडली, हलला. पापणी होती ती, नुसतीच फडफडली. तिलाच कळलं आणि तिने तोंड फिरवलं.

डॉक्टर म्हणाले, आम्हाला फार वाईट वाटतं. पण आता त्याचं मत आम्हाला माहीत नाही. मी म्हणाले, मला माहीत आहे. त्याने महिनाभर रोज लिहिलंय, तुमच्यासमोर सांगितलंय. ते म्हणाले, तेव्हाचं होतं ते, मधल्या काळात माणसाचं मन बदलू शकतं. आणि तुम्हीच मागे एकदा आम्हाला त्याचं मत सांगितलं होतंत. ते टोचून बोलले नाहीत, दादा. खरोखर समजावून सांगत होते.

मी विचारलं, त्याला ऐकू येतं का? ते म्हणाले, येत असणार, ह्या आजारात कान आणि मेंदू शाबूत राहतात. सगळं कळत असणार.

मग त्यांनी आलोच आहोत तर म्हणून त्याला नीट तपासलं. छाती ऐकली, रक्तदाब घेतला, कुशीवर वळवून पाठ बघितली. मोठे डॉक्टर कौतुकाने म्हणाले की छाती अगदी स्वच्छ आहे, पाठीला एक ओरखडा नाही, इतकी छान काळजी आम्ही क्वचित बघतो. हृदय तर तरुण माणसाचं आहे. अशीच काळजी घेत राहिलात तर हे अजून वीस वर्षं सहज काढतील.

मी त्यांचे आभार मानले आणि त्यांना जिन्यापर्यंत सोडून आले.

मधली